अराकिसच्या वाळूत, वादी रमच्या भावकीत

सोमवार : अम्मान ते रम

जॉर्डनची राजधानी अम्मानहून दक्षिणेला, वादी रमच्या वाळवंटाकडे जाणारा डेझर्ट हायवे तीनेक तास डोळ्यांना काहीच देत नाही. करडा, सपाट माळ, खडी, फॉस्फेट वाहणारे ट्रक आणि मध्येच एखादी चहाची टपरी. मग रास अन्-नकब येतं आणि पठार अचानक संपतं. घाट वळणं घेत उतरू लागतो आणि खाली, धुरकट उजेडात, लालसर वाळूतून सरळ वर आलेले डोंगर दिसतात. त्यांना ना पायथा आहे, ना उतार. मागच्या सीटवरून लेक ओरडली, "आई, अराकिस!"

तिच्यासाठी हा प्रवास त्या ग्रहाचाच होता. १९६५ साली आलेल्या 'ड्यून' या कादंबरीतला अराकिस : पाऊस नाही, नदी नाही, वाळूखाली दडलेल्या एका संपत्तीसाठी घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारे वाळवंटातले रहिवासी. २०२१ सालच्या चित्रपटात हा ग्रह उभा केला तो इथल्या खडकांवर. त्यातल्या वाळूच्या अवाढव्य टेकड्या मात्र इथल्या नाहीत, त्या अबुधाबीच्या लिवाकडच्या. त्याआधी २०१५ मध्ये 'द मार्शियन' या चित्रपटात वादी रम मंगळ झालं होतं. आणि १९६२ मध्ये, पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांसोबत लढलेल्या लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्यावरच्या चित्रपटात ते पहिल्यांदा जगाने पाहिलं तेव्हा निदान ते स्वतःच्या नावाने तरी पडद्यावर आलं होतं.

मला ओढ होती ती इथल्या माणसांची. पडद्यावर या जागेला परका ग्रह करायचं तर आधी तिथून माणूस पुसावा लागतो. इथे तर माणसाचा वावर बारा हजार वर्षांचा आहे. खडकांवर सुमारे २५ हजार चित्रं आणि २० हजार शिलालेख आहेत. युनेस्कोने २०११ मध्ये या जागेला वारशाचा दर्जा दिला तो निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर, आणि असा दुहेरी मान फार थोड्या ठिकाणांना मिळतो. शिवाय इथे टोळ्या आहेत, त्यांच्या हद्दी आहेत, त्यांची वैरं होती, आणि ती वैरं मिटवायची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. ती कुठल्याच ग्रहावर कुणी दाखवलेली मी पाहिलेली नाही.

व्हिजिटर सेंटरवर जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांचा एकत्रित पास, दाखवला की वेगळं तिकीट लागत नाही. तिथून रम गाव सहा-सात किलोमीटर. गाव म्हणजे सिमेंटची बसकी घरं, शाळा, शेळ्या, अंगणात उभ्या जुन्या टोयोटा पिकअप आणि १९३० च्या दशकात उभारलेली डेझर्ट पेट्रोलची, म्हणजे वाळवंटातल्या गस्ती दलाची, चौकी. मागे जबल रमची भिंत, सतराशे मीटरहून उंच. गावात झलाबिया टोळीची वस्ती, उत्तरेला दिसी गावाकडे झुवैदांची, आणि या सगळ्या मुलखात सर्वांत मोठं नाव हुवैतातांचं. पर्यटकांच्या गाड्यांचे मार्गही रमचे वेगळे आणि दिसीचे वेगळे. आमचा वाटाड्या झलाबिया, पन्नाशीचा, हसरा, पण गाडी चालवताना एक शब्द बोलत नसे.

मुक्काम तंबूत. काही कॅम्पमध्ये पारदर्शक घुमट आहेत, मंगळावर राहिल्यासारखं वाटावं म्हणून. आम्ही शेळीच्या केसांचा काळा तंबू मागितला होता. हे कापड बायका विणतात, तंबू उभारायचं कामही परंपरेने त्यांचंच. कोरडं असताना त्याच्या विणीतून आरपार उजेड दिसतो आणि वारा खेळतो. पाऊस पडला की केस फुगतात, भोकं बुजतात आणि पाणी वरून ओघळून जातं. लेकीला तिच्या त्या ग्रहावरच्या पाणी राखणाऱ्या पोशाखाचं फार कौतुक. तिने या कापडाला हात लावून पाहिला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री झर्ब. वाळूत पुरलेलं पिंप, तळाशी निखारे, वर तीनमजली जाळीत कोंबडी, बटाटे, गाजर, कांदे. झाकण ठेवून घोंगडी टाकायची आणि वाळूने बुजवायचं. दीडेक तासाने दोघांनी हातांनी वाळू सारली. वाफ आधी आली, मग वास. सरपण इतकं दुर्मीळ असलेल्या मुलखात धग वाया जाऊ न देता स्वयंपाक करायचा याहून शहाणा मार्ग मला सुचत नाही.

मंगळवार : शल्लालेचा झरा

जीपवाले ज्याला 'लॉरेन्सचा झरा' म्हणून दाखवतात तो बहुतेक वेळा अबू ऐना हा दुसराच झरा असतो. लॉरेन्सने ज्याचं वर्णन लिहून ठेवलं तो झरा म्हणजे शल्लाले, गावामागच्या डोंगरात. आम्ही आग्रह धरला म्हणून वाटाड्या सकाळी लवकर तिकडे घेऊन गेला.

पायथ्याशी नबाती या प्राचीन अरब लोकांनी बांधलेलं अल्लात देवीचं मंदिर आहे, आता खांबांचे बुंधे आणि भिंतींच्या ओळी एवढंच उरलेलं. तिथून घळीतून अर्धा तास चढ. वर पोचल्यावर पहिल्यांदा पुदिन्याचा वास येतो. वाळवंटात, उन्हात, पुदिना! मग खडकाची एक ओली भेग, तिच्या काठाने शेवाळ, नेचे, आणि खाली बोटभर धार. शेजारी नबाती हातांनी कोरलेली पन्हळ खडकातून वळण घेत मंदिराकडे उतरते.

वाटाड्याने माझा हात धरून तळवा खडकावर ठेवला. वरचा खडक खरखरीत, लाल, वालुकाश्म. एक वीत खाली हात सरकवला तर गुळगुळीत, करडा, थंडगार ग्रॅनाइट. या दोन खडकांमधल्या शिवणीतून पाणी पाझरत होतं. वालुकाश्म सच्छिद्र असतो, वर्षातून चार वेळा पडणारा पाऊस तो शोषून घेतो. पाणी हळूहळू खाली झिरपतं आणि ग्रॅनाइटला लागलं की त्याला खाली जायला वाट उरत नाही, मग ते आडवं बाहेर येतं. म्हणून जबल रमचे झरे जवळजवळ एकाच उंचीवर, ओळीने आहेत. ही ओळ ज्याला ठाऊक तो या मुलखात जगतो. टोळ्यांच्या हद्दी, उंटांचे मार्ग, मंदिराची जागा, सगळं याच शिवणीने ठरवलेलं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी झिजलेल्या ग्रॅनाइटवर नद्यांनी वाळू आणून टाकली आणि तिथेच आजच्या गावाची जागा पक्की झाली, हा विचार मला कुठल्याही कल्पित ग्रहापेक्षा मोठा वाटला.

दुपारी खझालीची घळ. दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढी अरुंद, भिंतींवर शिकारी, रानबकरे, बाळंत होणारी बाई आणि पावलं. पावलांच्या जोड्या कितीतरी, लहान-मोठ्या. थमूदी आणि नबाती या प्राचीन अक्षरांतले बरेचसे लेख 'अमुकचा मुलगा तमुक' एवढंच सांगतात. नाव, बापाचं नाव, कधी आजाचं. बारशाला पोराचं नाव ठेवल्यावर आपण जी साखळी लावतो तीच.

बुधवार : खमासीन

पहाटे जाग आली ती शांततेमुळे. नंतर वारा सुटला तो थांबेना. वसंतात दक्षिणेकडून येणारा हा गरम, धुळीचा वारा, खमासीन. तासाभरात समोरचा डोंगर दिसेनासा झाला, आभाळ विटकरी-पिवळं, सूर्य पांढऱ्या टिकलीएवढा. दातांत कचकच, पापण्यांवर थर. कपडे झटकायचे नाहीत, नाहीतर आणखी उडते, हे आम्हाला सांगावं लागलं. उंट गुडघे दुमडून बसले आणि नाकपुड्या मिटून घेतल्या. तंबूची वाऱ्याकडची बाजू खाली ओढून त्यावर दगड ठेवले, मोकळी बाजू दुसरीकडे फिरवली. आज कुठे जाणं नाही.

याच दिवशी मला जे हवं होतं ते मिळालं.

वाटाड्याच्या चुलतभावाने कॉफी मांडली. लांब दांड्याच्या पळीत बिया भाजल्या, लाकडी उखळात कुटल्या. कुटण्यालाही ताल असतो, आणि तो ऐकून आजूबाजूचे लोक समजतात की इथे पाहुणे आलेत. वेलदोडे टाकून दल्ल्यात, म्हणजे कॉफीच्या चोचीच्या किटलीत, उकळली. बिनकानाच्या छोट्या पेल्यात, फिंजानात, एक घोट ओततात. पुरे असेल तर फिंजान हलवून परत द्यायचा, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. पहिला घोट पाहुणचाराचा, दुसरा आनंदाचा, तिसरा तलवारीचा. तिसरा घेतला म्हणजे यजमानावर हल्ला झाला तर तुम्ही त्याच्या बाजूने उभं राहायचं.

"खरंच लढायचे?" लेकीने विचारलं.

"माझ्या आजोबांच्या तरुणपणी घझू चालायचा," तो म्हणाला. घझू म्हणजे छापा. दुसऱ्या टोळीच्या उंटांवर पहाटे धाड घालायची आणि हाकलून आणायचे. त्यालाही नियम होते. बायकांना हात लावायचा नाही, शक्यतो जीव घ्यायचा नाही. उंट गेला तर पुढच्या वर्षी परत आणता येतो. माणूस गेला की वैर सुरू होतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. हुवैतातांचा अवदा अबू ताई, ज्याच्या घोडेस्वारांच्या बळावर १९१७ मध्ये तुर्कांच्या ताब्यातलं अकाबा बंदर पडलं, त्याने लढाईत स्वतःच्या हाताने ७५ अरब मारले होते असं लॉरेन्सने लिहून ठेवलंय. तुर्क मोजलेच नव्हते. चित्रपटांना अवदा आवडतो. त्याच्यासारख्यांच्या मागे राहिलेल्या घरांचं काय झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही. (त्याच वर्षी यार्मूकच्या पुलाकडे निघालेल्या लॉरेन्सच्या तुकडीत काही भारतीय मशीनगनवालेही होते आणि ते याच रममधून गेले, हे मी सांगितल्यावर आमच्या यजमानांनी कॉफीची आणखी एक फेरी केली.)

आता मुद्दा. खून झाला तर वैर कुणाशी? सगळ्या टोळीशी नाही. मारणाऱ्याच्या पुरुषवंशातल्या पाच पिढ्यांपर्यंतच्या नात्याशी. त्याला खमसा म्हणतात. आपल्याकडे ज्यांचं सुतक धरावं लागतं तेवढी भावकी, जवळपास तीच रेघ. सूड घेण्याचा हक्क आणि सूडाची भीती दोन्ही तेवढ्यापुरतीच. रेघेपलीकडचा चुलता निवांत झोपू शकतो. मग अत्वा, म्हणजे ठरावीक मुदतीचा तह : मारणाऱ्याकडची मोठी माणसं मध्यस्थ घेऊन मृताच्या घरी जातात, गुन्हा कबूल करतात आणि दिवस मागून घेतात. त्या दिवसांत कुणी हत्यार उचलायचं नाही. मारणाऱ्याच्या नात्याने तो भाग सोडून दूर जायचं, हा जलवा. समोरासमोर येऊच नये म्हणून. नंतर दिया, रक्ताची भरपाई, आणि शेवटी सुल्हा, समेट.

समेटाला येणाऱ्या ताफ्याला जाहा म्हणतात. यजमान कॉफी पुढे करतो. ताफ्याचा म्होरक्या फिंजान घेतो आणि जमिनीवर ठेवतो, पीत नाही. मागणं सांगतो. सगळा तंबू त्या फिंजानाकडे बघत असतो. यजमान जेव्हा म्हणतो, "तुमची कॉफी प्या," तेव्हा प्रकरण मिटलं. तसं म्हटलं नाही तर कॉफी तशीच निवते आणि ताफा उठतो. कधीकधी मृताच्या घरचे तिथेच भरपाईची रक्कम एकेका मान्यवराच्या नावाने सोडत जातात आणि अखेर थोडीच उरते.

"हे अजून चालतं?" नवऱ्याने विचारलं. चालतं. जॉर्डनने टोळी-कायदा १९७६ मध्ये रद्द केला, खटला सरकारी कोर्टात चालतो, शिक्षा तिथेच होते. तरी रस्त्यावरच्या अपघातात माणूस दगावला की अत्वा आजही घेतली जाते. जलव्यामुळे निरपराध घरंच्या घरं उठवली जायची, पोरांच्या शाळा सुटायच्या. २०२१ मध्ये तो मारेकरी, त्याचा बाप आणि मुलगे यांच्यापुरता मर्यादित करायचं ठरलं. ही सुधारणा फार उशिरा आली, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तिथेही बोलले. वाटाड्याची बायको, जी आतापर्यंत तंबूतल्या पडद्याआडच्या, बायकांच्या बाजूला होती, आतून म्हणाली, "खरं आहे." तिच्या माहेरचं एक घर असंच उठलं होतं. पुढचा तास मी तिच्याकडे, आतल्या बाजूला बसले. तिने अजरम या वाळवंटी झुडपाची सुकी पानं दगडावर ठेचून, चार थेंब पाणी टाकून मला हात चोळायला दिली. हिरवट फेस आला, साबणासारखा. चार थेंबांत दोन्ही हातांची धूळ गेली.

छापे कसे थांबले तेही ऐकण्यासारखं आहे. १९३० मध्ये ग्लब नावाचा इंग्रज अधिकारी ट्रान्सजॉर्डनमध्ये आला. सीमेपलीकडचे छापे आणि दुष्काळ यांनी हुवैतात तेव्हा उपाशी मरत होते. त्याने त्यांच्यावर पलटण पाठवली नाही. छापे घालणाऱ्यांनाच पगार, बंदूक आणि गणवेश देऊन डेझर्ट पेट्रोल उभी केली. एकदोन वर्षांत घझू थांबला. गावातली ती चौकी त्याच काळातली. अर्थात यात इंग्रजांचा स्वार्थ होता, सीमा शांत हवी होती. पण उपाशी माणसाला आधी रोजगार दिला आणि मग कायदा सांगितला, हा क्रम बरोबर होता.

गुरुवार : पूल आणि पाणी

वारा पडला. सकाळी बुर्दाची कमान, जमिनीपासून खूप वर डोंगराच्या माथ्याजवळ असलेला दगडी पूल. शेवटच्या टप्प्यात दोर लागतो. वरून दिसतं ते चित्रपटात दिसतं तसंच आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. उंचीची भीती असणाऱ्यांनी उम्म फ्रूथची बुटकी कमान करावी, तीही सुंदर आहे.

उतरल्यावर आम्ही दिसीकडे नेण्याची विनंती केली. वाटाड्याला नवल वाटलं, तिकडे बघायला काय आहे? पंप, पाइप, तारेची कुंपणं. पण अराकिसवर घराणी ज्याच्यासाठी लढतात तसं काही इथे असेल तर ते दिसीच्या खाली आहे. वालुकाश्मात साठलेलं प्राचीन पाणी, हजारो वर्षांपूर्वी हा मुलूख ओला होता तेव्हाचं. आजचा पाऊस ते भरून काढत नाही. १९८० च्या दशकात त्यावर गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांनी गहू पिकवला गेला. विमानातून वाळवंटावर हिरव्या टिकल्या दिसायच्या. २०१३ पासून हे पाणी सव्वातीनशे किलोमीटर लांबीच्या नळाने अम्मानला जातं, वर्षाला सुमारे दहा कोटी घनमीटर. अम्मानमध्ये नळाला आठवड्यातून एखादा दिवस पाणी येतं, प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग असते. ते आम्ही हॉटेलच्या खिडकीतून पाहिलंच होतं.

हाच साठा सीमेपलीकडे सौदी अरेबियाखालीही पसरलेला आहे, तिथे त्याला साक म्हणतात, आणि तिथे शेतीसाठी प्रचंड उपसा झाला. एका भांड्यात दोन नळ्या. २०१५ मध्ये दोन्ही देशांनी त्यावर करार केला. दोन देशांना एका पाण्याविषयी कागदावर सही करता आली ही लहान गोष्ट नाही. पण पाणी संपणारं आहे, करार केल्याने ते वाढत नाही, आणि इथल्या लोकांना हे शहरातल्यांपेक्षा चांगलं कळतं. वाटाड्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाला, "आमच्या पायाखालून जातं आणि आम्ही टँकर मागवतो." कॅम्पमध्ये आंघोळीला आम्हाला प्रत्येकी एक बादली मिळत होती. त्या संध्याकाळी लेकीने अर्धी वापरली.

कादंबरीकाराला तो ग्रह सुचला म्हणतात ते अमेरिकेत, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, सरकते वाळूचे ढीग गवत लावून कसे रोखतात ते बघताना. म्हणजे मुळात प्रश्न वाळू आणि पाणी यांचाच होता. तो इथे येऊन चित्रित झाला आणि कॅमेऱ्याने दिसीकडे पाठ फिरवली.

शुक्रवार : अकाबा

जुम्म्याचा दिवस, गाव उशिरा जागं झालं. वाटाड्याचा पुतण्या आम्हाला अकाबाला सोडायला आला, तासाभराचा रस्ता. परदेशी शूटिंग आलं की तो गाडी चालवतो. वाळूत कुठे चाक रुतेल आणि कुठे नाही हे त्याला नुसतं बघून कळतं. त्याला भूगर्भशास्त्र शिकायचं आहे. शल्लालेची शिवण त्यानेच आम्हाला वाटेत पुन्हा, नीट, काडीने धुळीत रेघा ओढून समजावली.

कुणी जाणार असेल तर एवढं सांगते. मुक्काम गावातल्या घराकडूनच ठरवा, पैसा तिथेच राहतो. जीपचा ठरलेला फेरा अर्ध्या दिवसात उरकतो, तो घ्या, पण शल्लाले आणि दिसी मागून घ्या. न मागता कुणी नेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर एक दिवस वाऱ्यासाठी हातात ठेवा. आणि बाई असाल तर पडद्याआडच्या बाजूला जरूर जाऊन बसा, टोळ्यांचा निम्मा इतिहास तिकडे सांगितला जातो.